वर्गात एक जास्त

"मोजून बघा, मग बोला." आमचे इंग्रजीचे मास्तर असं म्हणत आणि खडूनं टेबलावर दोनदा टकटक करत. भडगावच्या शाळेत त्यांचा वर्ग माझ्या गणिताच्या वर्गाला लागून होता. मधे नुसतं लाकडी पार्टिशन, त्यामुळे त्यांचं व्याकरण माझ्या पोरांनाही फुकट मिळायचं.

मोजता येणारी नामं आणि मोजता न येणारी नामं हा त्यांचा जीव की प्राण. केळी मोजायची, कापूस मोजायचा नाही. खुर्च्या मोजायच्या, फर्निचर मोजायचं नाही, कारण साहेबाच्या भाषेत ते चालत नाही. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, साहेब गया ना, आते मोजूत." मास्तर इतके हसले की मलाही शिकवणं थांबवावं लागलं.

पण तुम्ही त्यांना तास सुरू करताना पाहायला हवं होतं. नावं पुकारून हजेरी झाली, की ते बाकांमधून फिरत आणि एकेका डोक्यावर बोट ठेवून मोजत. एका मुलाची आई हे पाहून दारातच थबकली. "गुरुजी, पोरेसले मोजू नका. मोजेल पोर कमी व्हस."

"कमी होत नाही, अक्का," ते शांतपणे म्हणाले. "माझ्याकडे एक जास्त भरतो."

आम्ही शिक्षकांनी यावरून त्यांची पुष्कळ टिंगल केली. मग एका दुपारी त्यांनी मला कारण सांगितलं. आधीच्या शाळेत असताना ते वर्ग घेऊन तापीवर गेले होते. जाताना मोजलं, परत निघताना मोजलं; दोन्ही वेळा पोरं बरोबर भरली. गावात पोचल्यावर एक आई आपल्या पोराला शोधत आली. तो नदीतच राहिला होता.

"मग निघताना माझं बोट कुणाच्या डोक्यावर पडलं?" त्यांनी मला विचारलं. मी घाईघाईनं विषय बदलला.

पुढे त्यांनी हजेरीपत्रकात सलग तीन दिवस एकतीसच्या जागी बत्तीस लिहिले. हेडमास्तरांनी मला बोलावलं. वर्ग तुम्ही मोजा म्हणाले. एकतीस भरले तर मास्तरांचं डोकं ठिकाणावर नाही असं समजून त्यांना घरी पाठवायचं. घरी तर त्यांचं कुणीच नव्हतं. बायको जाऊन वर्षं झाली होती, वर्ग तेवढा उरला होता.

भर दुपारी मी मोजायला गेलो. आठ बाकं, बाकावर चौघं, तिसऱ्या बाकाच्या कडेची जागा रिकामी. म्हणजे एकतीस. डोकी मोजली तर बत्तीस. उलटीकडून मोजली, पुन्हा बत्तीस. रिकामी जागा तर समोर दिसत होती. मास्तर फळ्याशी उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते.

हेडमास्तरांना मी एकतीस सांगितले. गणिताच्या मास्तरानं बत्तीस सांगितले असते तर मलाही घरी जावं लागलं असतं, एवढंच तेव्हा सुचलं.

चाळीसगावच्या मोटारीवर त्यांना पोचवायला मी एकटाच गेलो. खिडकीतून त्यांनी विचारलं, "खरं सांगा, किती भरले?"

"एकतीस."

"म्हणजे फक्त मलाच," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पाहवेना. मग शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून त्यांनी मांडीवर घेतली आणि स्वतः जरा खिडकीकडे सरकले. मोटार अर्धी रिकामी होती. कुणी चढलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. मी एकेका डोक्यावर बोट ठेवून मोजला. एकतीस भरले. मला हायसं वाटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.