कानात बोटं घालणाऱ्या प्रश्नबाई

“सांगू नका! अहो, सांगू नका म्हणते ना!”

दोन्ही कानांवर हात, डोळे गच्च मिटलेले, आणि आवाज असा की बाहेर बाकावर बसलेल्यांना वाटावं, आत कुणी उंदीर सोडलाय. प्रश्नबाईंच्या नोकरीत हे आठवड्यातून चारदा तरी व्हायचं.

नोकरीच तशी होती. उदासीच्या आजारात ज्यांना गोळ्यांनी गुण येत नाही, त्यांच्यासाठी दवाखान्यात एका नव्या मशीनवर संशोधन चाललं होतं. पेशंटने खुर्चीत बसायचं, डोक्याला मशीन टेकवायचं आणि वीस मिनिटं टकटकटकटक. अर्ध्यांना खरं मशीन, अर्ध्यांना नुसतंच वाजणारं खोटं. आपल्याला कुठलं लावलंय हे पेशंटला सांगत नसत. आणि पेशंटला किती बरं वाटतंय हे मोजणाऱ्या प्रश्नबाईंना तर त्याचा वासही लागता कामा नये. नाहीतर खरं मशीन म्हटलं की त्यांचा हात आपोआप चांगले आकडे लिहिणार. म्हणून त्यांची खोली कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे टकटक पोचत नाही. दर आठवड्याला प्रत्येक पेशंटला सतरा प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच सुरात: “गेल्या सात दिवसांत तुम्हाला...” हा सूर इतका अंगात मुरलेला की घरी नवऱ्याने “दमलीस का गं?” विचारलं, तर बाई विचारायच्या, “गेल्या सात दिवसांत की आत्ता?”

पण माणसांच्या पोटात काही राहतं का! “बाई, काल मशीन लावल्यावर माझे असे दात वाजले म्हणून सांगू...” झालं. मशीनबद्दल असं काही कानावर पडलं की ती फाईल दुसऱ्या बाईंकडे. या महिन्यात दोन गेल्या होत्या.

“म्हणजे बघा,” मोठे डॉक्टर म्हणाले, “चूक तुमची नाही. पण म्हणजे बघा, तिसरी नको.” डॉक्टरांचं प्रत्येक वाक्य ‘म्हणजे बघा’ने सुरू व्हायचं आणि बघण्यासारखं त्यात काही नसायचं.

प्रश्नबाईंना एकच धास्ती होती. तिसरी फाईल लिफ्टवाल्या काकांची असायला नको.

काकांनी तेहतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि आता दोन वर्षं ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. मुलगी कोपराला धरून आणायची आणि खुर्चीत ठेवायची. पहिले तीन आठवडे सतराही प्रश्नांना एकच उत्तर, “हं.” होकाराचा हं वेगळा, नकाराचा वेगळा, ‘पुरे आता’चा वेगळा. पुढच्या दिवसांबद्दल काय वाटतं, या प्रश्नाला तर हंसुद्धा नाही. चौथ्या आठवड्यात त्यावर ते अख्खं वाक्य बोलले. “पुढे काही नाहीच, तर वाटायचं काय?” बाईंनी पेन ठेवलं, त्याच मिनिटाला डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टर तासभर बसले, मुलीलाही नीट समजावलं. वाक्य भयंकर होतं, पण काकांनी ते बाईंना सांगितलं होतं. दुसऱ्या कुणापुढे बसवलं की पुन्हा हं, पुन्हा भिंत.

पाचव्या आठवड्यात काका एकटेच आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, “बाई, त्या मशीनचं एक...”

“सांगू नका!”

“अहो, ऐकून तर घ्या.”

“ऐकायचंच नाहीये मला!”

“आवाजावरून मोटरचं दुखणं ओळखणारा माणूस मी. ते मशीन आहे ना, ते...”

“लाऽऽ ला ला लाऽऽ!” पन्नाशीची, चष्म्याची, सरकारी फॉर्मसारख्या चेहऱ्याची बाई कानात बोटं घालून गायला लागली. काका थांबले. अशा आवाजाची मोटर त्यांनीही ऐकली नसावी.

“काका,” बाई धापा टाकत म्हणाल्या, “हे तुमच्या तोंडून निघालं की तुमची फाईल दुसऱ्या बाईंकडे. मग माझी-तुमची गाठ नाही. चालेल?”

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. बाईंनी फॉर्म ओढला.

“गेल्या सात दिवसांत तुम्हाला कशात रस वाटला का?”

“वाटला.”

बाईंचं पेन टुणकन उठलं. “कशात?”

“तेच सांगायचं नाही ना.”

“आणखी कशात?”

“आणखी कशात नाही.”

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. दोन वर्षांत या माणसाला एका गोष्टीत रस वाटला, आणि नेमकी तीच ऐकायची नाही! शून्य लिहावं तर खोटं, खरं लिहावं तर पुरावा कुठाय?

“कशात ते राहू द्या. किती वेळ?”

“तीन दिवस. कागदावर आवाजाच्या रेघा काढत होतो.”

“कुणी करायला लावलं?”

“कोण लावणार? उलट पोरगी जेवायला बोलावत होती, तर मीच ओरडलो, थांब जरा!”

बाईंनी आकडा लिहिला. आणि त्या रेघा कसल्या, या विचाराने स्वतःच आठवडाभर तळमळल्या.

सहावा आठवडा शेवटचा. “पुढच्या दिवसांबद्दल?” काकांनी खांदे उडवले. “सांगता येत नाही.” बाईंनी तेच लिहिलं, सही केली, कॉम्प्युटरवर बटण दाबलं. फॉर्म बंद; आता खुद्द मोठ्या डॉक्टरांनाही त्यातला आकडा हलवता येणार नव्हता.

“संपलं ना?” काका पुढे सरसावले. “आता सांगू?”

“नाही!”

“आता का नाही?”

“बाकीच्या पेशंटांचं व्हायचंय. तुम्ही कानावर काही घातलंत की मी त्यांच्यातही तेच शोधत बसेन. शेवटचा पेशंट होईपर्यंत नाही.”

“म्हणजे कधी?”

“दीड वर्ष.”

“दीड वर्ष हे पोटात ठेवू? अहो, माणूस आहे की टाकी?” काकांनी दवाखान्याचं कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं आणि बाईंचंच पेन उचललं. “तारीख द्या.”

“दीड वर्षानंतरची? एवढं लांबचं कॅलेंडर छापलंय तरी का कुणी!”

“लिफ्टची तपासणी आम्ही वर्षभर आधी ठरवतो. द्या.”

बाईंनी बोटांवर महिने मोजले. “बारा मार्च.”

“वेळ?”

“वेळ कुठून आणू मी?”

“वेळ ठरल्याशिवाय मी कुठे जात नाही.”

“अकरा! सकाळी अकरा! झालं समाधान?”

काकांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं. बाई त्या कार्डाकडे बघत राहिल्या, मग बंद झालेल्या फॉर्मकडे, आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“काका, हे पाच मिनिटं आधी मागता येत नव्हतं? सतरा प्रश्न संपायच्या आत? पुढच्या दिवसांपुढे मी ‘सांगता येत नाही’ लिहून बसलेय!”

“तेव्हा तुम्ही तारीख कुठे देत होतात?” काका दारापर्यंत गेले आणि परत आले. “त्या दिवशी रविवार तर नाही ना? दवाखाना बंद असला तर फुकट हेलपाटा.”

“मला काय माहीत!” बाई कडाडल्या, आणि कागद ओढून वार मोजायला लागल्या.

“फेब्रुवारी अठ्ठावीसचा धरा,” काका त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाले.

“धरलाय हो! मध्ये बोलू नका, चुकतं.”