राणीछाप रुपयाची ओळखपरेड

त्या रुपयाची तक्रार मी अजून विसरलो नाही. घरात मी मोठमोठे गुन्हे रंगवून सांगतो, पण पोरं हटकून हीच गोष्ट मागतात. कारण यात साहेब तोंडावर आपटतात.

दिवाळी नुकतीच सरली होती. पणदरे गावचे एक आबा आमच्या पोलीस ठाण्यात आले. ऊस आणि म्हशी सांभाळून त्यांना जुन्या नाण्यांचा नाद. रुमालाची गाठ सोडून त्यांनी चांदीचा राणीछाप रुपया टेबलावर ठेवला.

"साहेब, माझा रुपया बदललाय. माझा काळपट व्हता. ह्यो बघा, कसा चकाकतोय."

"मग बिघडलं काय?" मी विचारलं. माझा जन्म बक्कल घासण्यात गेलेला.

आबांनी मला शांतपणे समजावलं. जुन्या नाण्याची किंमत त्या काळपटपणातच असते. म्हणून त्यांनी ग्रेडिंग करून घेतलं होतं. तपासणाऱ्या संस्थेनं रुपया अस्सल आणि न घासलेला ठरवून, दर्जा देऊन, नंबर घातलेल्या प्लास्टिकच्या डबीत बंद केला होता. आता डबीही गायब होती. कपाट मात्र फोडलेलं नव्हतं.

"संशय कुणावर?"

आबांनी मान खाली घातली. "पुतण्या. किल्ली त्यालाच ठावी हाय."

पुतण्या एमआयडीसीत कामाला. दोन दिवसांवर त्याचा साखरपुडा, मुलगी इंदापूरची. त्यात खबऱ्यानं सांगितलं, पोरगा इंदापुरात एका सराफाकडं दिसला. मी मनातल्या मनात आरोपपत्र लिहूनही टाकलं आणि पोराला उचलून ठाण्यात आणलं.

"सराफाकडं कशाला गेला होतास?"

"अंगठी बघायला. तिच्या बोटाचं माप गुपचूप घेतलंय." त्यानं खिशातून दोऱ्याचं वेटोळं काढलं.

"असले दोरे लई बघितलेत," मी म्हणालो. एकही बघितला नव्हता.

त्यानं हात जोडले. "साहेब, गुन्हा दाखल झाला तर सोयरीक मोडंल. ग्रेडिंगसाठी आबांच्या मागं मीच लागलो व्हतो. डबीचा नंबर माझ्याकडं हाय, संस्थेच्या साइटवर त्या नंबरानं रुपयाचा फोटू असतोय. त्यो तरी बघा."

मोबाइलवर फोटो उघडला. राणीच्या मानेजवळ चंद्रकोरीसारखा ओरखडा, कडेला एक खोच. मी भिंग घेऊन टेबलावरचा रुपया बघितला. तोच ओरखडा, तीच खोच. अक्षरांच्या खाचेत पिवळं काहीतरी होतं. हळद.

"आबा, लक्ष्मीपूजन कुणी मांडलं?"

"सूनबाईनं. भाऊबीजेला माहेरी गेलीय."

फोन स्पीकरवर लावला. "व्हय, मीच काढला. कपाटाची किल्ली झाडताना घावली व्हती," सूनबाई म्हणाल्या. "प्लास्टिकवरनं हळदीकुंकू कसं व्हायचं? सुरीनं डबी उघडली, चिंच लावून लख्ख घासला आन पूजा झाल्यावर परत कपाटात ठेवला. आबा, आवडला न्हाय का?"

आबांनी रुपया उचलून रुमालात बांधला. मग म्हणाले, "लई घासलास, बाई. पर कुणी चोरला न्हाय, ह्ये बेस झालं." पुतण्याच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "अंगठी घेतलीस का?"

"कुठं? साहेबांनी मधीच उचललं."

रुपयाची किंमत गेली ती गेलीच. पण कुणीतरी तो नीट पारखून त्याच्या खुणा जपून ठेवल्या होत्या, म्हणून एक पोरगं वाचलं. त्यानंतर चोर शोधण्याआधी चोरी झालीय का, हे मी बघायला लागलो.

साखरपुड्याला मलाही बोलावणं होतं. दोऱ्याचं माप अचूक निघालं. अंगठी बोटात बसली, तेव्हा मांडवात सगळ्यांत मोठा सुस्कारा माझा होता.