रोज एक खाचर

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी रेल्वेत मालगाडीचा ड्रायव्हर होतो आणि इगतपुरीला क्वार्टरमध्ये राहायचो. आषाढातल्या एका सकाळी नाशिककडून गाडी आणत असताना धुक्यातून अचानक एक माणूस दिसला. डोक्यावर गवताचा भारा घेऊन तो रूळ ओलांडत होता. मी शिट्टी देत राहिलो, ब्रेक लावले. पण मालगाडी जागच्या जागी थांबत नाही. पावसात त्याला शिट्टी ऐकूच आली नसावी. पुढे चौकशी झाली, माझा दोष नाही असं कागदावर लिहून आलं. तो कागद हातात घेऊनही माझं मन काही हलकं झालं नाही. मी आजारपणाची रजा टाकली आणि खाटेवर पडून राहिलो. दाढी वाढली, जेवण सुटलं. लहानपणापासूनची देवपूजाही सुटली. मला सांभाळणाऱ्या देवाने त्या माणसाला का सांभाळलं नाही, एवढाच प्रश्न डोक्यात घुमत असे. एकदोनदा तर आपण तरी कशाला जगायचं, असंही मनात येऊन गेलं.

पंधरा-वीस दिवस असे गेल्यावर एका सकाळी बायको म्हणाली, “अहो, देवासमोर बसवत नसेल तर नका बसू. पण त्या घरी एकदा जाऊन या.” मयताचं नाव पांडू होतं, आणि त्याचं गाव रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनकडून कळलं होतं. मी एसटीने निघालो खरा, पण फाट्यावर उतरल्यावर परतीच्या गाडीची वाट बघत उभा राहिलो. ती वेळेवर आली असती तर मी तिथूनच माघारी फिरलो असतो. समोर प्लॅस्टिकचा कागद पांघरलेले एक म्हातारे बाबा बसले होते. जवळ भाताच्या रोपांच्या दोन टोपल्या. मी त्यांना पांडूचं घर विचारलं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“कोण तुमी?”

“रेल्वेतला आहे,” एवढंच मला म्हणता आलं.

“बरं. ती दुसरी टोपली घ्या डोक्यावर. माझ्याच्यानं दोन होत नाय.”

त्यांनी मला घरी न नेता थेट शेतावर, बांधांमधल्या एका भातखाचरात नेलं. “घर काय पळून जातंय? आधी एवढं लावू,” म्हणाले. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरलो. भाताची आवणी, रोपांची ती लावणी, मी जन्मात केली नव्हती. माझी रोपं कलंडायची. बाबा मागून येऊन ती निमूट नीट करायचे. पाठीवर पाऊस, पोटरीपर्यंत गार चिखल, हातात रोपांची जुडी. कित्येक दिवसांनी तासभर माझ्या मनात दुसरं काही आलं नाही. खाचर लावून झालं तसे आम्ही बांधावर टेकलो. तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

“बाबा, त्या दिवशी गाडी माझ्या हातात होती.”

“फाट्यावरच वळखलं मी,” ते हळूच म्हणाले. “मी पांडूचा बाप.”

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो. त्यांनी चटकन पाय ओढून घेतले. “पाया नका पडू. मग मी काय करावं ते मला समजत नाय.” शेताकडे बघत ते बोलले, “घरात बसलं का पोरगा दिसतो. म्हून रोज एक खाचर लावतो. जास्त नाय, एकच. ते झालं का म्हणतो, देवा, आजचा दीस गेला. उद्याचं उद्या. तुमी या उद्या.”

मी दुसऱ्या दिवशी गेलो, आणि त्यानंतरही. जाण्याआधी आंघोळ करावी लागे, चार घास खावे लागत, सकाळची एसटी चुकवून चालत नसे. दाढी केली. निघता निघता देवापुढचा दिवा लावू लागलो. भक्तीने नव्हे, काडेपेटी हाताशी असायची म्हणून. देवाला हात जोडून काही मागायचं धाडस होत नव्हतं. पण झोप येऊ लागली होती.

पांडूची बायको सखू मात्र माझ्याशी बोलत नसे. बांधावर भाकरी ठेवायची आणि माझ्याकडे न पाहता निघून जायची. मला ते रास्तच वाटे. सहाव्या दिवशी ती थांबली. माझ्या चिखलाने भरलेल्या पँटकडे बघत म्हणाली, “उद्या येताना जुनी कापडं घालून या. ही वाया जातील.” आणि नागलीची अर्धी भाकरी आपल्या हाताने माझ्या हातावर ठेवली. मी पाठ फिरवून ती सगळी खाल्ली.

आवणी संपल्यावर मी कामावर रुजू झालो. पुढे दरवर्षी आवणीच्या दिवसांत रजा काढून जात राहिलो. त्यांनी मला माफ केलं, असं त्या घरात कोणी कधी म्हणालं नाही, मीही विचारलं नाही. काही वर्षांनी एका दुपारी सखूने एसटीच्या कंडक्टरकडे निरोप पाठवला, “बाबा गेले. तुमी आल्याबिगर उचलायचं नाय.” तिरडीच्या एका बाजूला पांडूचे चुलते होते, दुसऱ्या बाजूला मला उभं केलं होतं. ज्या घराचा मुलगा माझ्या गाडीखाली गेला, त्या घराने बापाला खांदा द्यायला मला बोलावलं. याहून मोठा प्रसाद मला कुठल्या देवळात मिळाला असता, मला सांगता येत नाही.

देवाने पांडूला का सांभाळलं नाही, हे मला आजही कळलेलं नाही. पण त्या दिवशी फाट्यावर परतीची गाडी वेळेवर आली नाही, आणि बाबांच्याने दोन टोपल्या उचलवत नव्हत्या, एवढं मी पाहिलं आहे. अजूनही एखादी सकाळ अंगावर येते. तेव्हा उठून अंथरूण घडी करतो, पाणी भरतो, आणि देवाला म्हणतो, आज माझ्याच्याने होईल तेवढं मी करतो. जे होत नाही, ते तू उचल.