उल्लाच्या विहिरीचं पाणी आणि मोनाचे केस

फोल्केचं घर विकायला निघालं तेव्हा आम्हाला वाटलं, घेईल कुणीतरी जर्मन जोडपं उन्हाळ्यापुरतं, आणि उरलेलं वर्षभर खिडक्या बंद. आमच्या ब्यॉर्कनेसमध्ये तळ्याकाठच्या चार-पाच घरांचं असंच झालं होतं. पण आली ती गॉथेनबर्ग शहरातली उल्ला सांडेल. पन्नाशी उलटलेली, बुटकी, केस लालभडक रंगवलेले, आणि बोलायला लागली की समोरच्याला मध्ये शब्द घालायला फट सापडू नये.

तिचा धंदा केस कापायचा. उमेदीची सगळी वर्षं तिने शहरात दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून घालवली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मग दुकानाच्या मालकाने जागाच विकून टाकली. त्या दिवशी तिने ठरवलं, की ह्यापुढे उभं राहायचं ते स्वतःच्या फरशीवर.

ती घर बघायला आली त्या दिवशी मी तिथे होते. माझी मेंढरं फोल्केच्या कुंपणाला लागून चरतात, आणि त्याचे हात थरथरायचे म्हणून पाहुण्यांना कॉफी द्यायला त्याने मला बोलावलं होतं. उल्लाने सगळं घर बघितलं. लाल लाकडी भिंती, पांढऱ्या चौकटी, मासेमारीची जाळी ठेवायची बाजूची खोली. न्हाणीघरात गेली आणि तिथूनच ओरडली, "अय्या, टब हिरवा! किती गोड!"

"मीच रंगवलाय," फोल्के म्हणाला.

"आणि पाणी?"

"विहिरीचं. दुसरं कुठलं असणार इथे?"

अंगणात नेऊन त्याने विहिरीवरचं झाकण बाजूला केलं. खाली पाणी काळंभोर आणि गारेगार. एक पेला काढून दिला. उल्लाने तो एका दमात संपवला, मग दुसरा मागितला.

"ह्याच पाण्यावर मी चौऱ्याऐंशी वर्षांचा झालोय," फोल्के म्हणाला. "अजून दात माझेच आहेत."

"सगळे?"

"पुढचे."

झालं, घर ठरलं. उल्लाचा भाऊ मात्र फोनवर तिच्या कानीकपाळी ओरडत होता, की पाणी तपासून घे, नीट तपासून घे. तिने घेतलंही, पण सगळ्यात साधी तपासणी. जंतू नाहीत एवढा निरोप आला तशी ती खूश झाली आणि पुढचं काही तिने विचारलंच नाही. फोल्के चर्चजवळच्या वृद्धाश्रमात राहायला गेला. घर हिवाळाभर रिकामं राहिलं, आणि बर्फ वितळल्यावर उल्ला सामान घेऊन हजर झाली.

जाळ्यांच्या खोलीत तिने मोठा आरसा लावला, केस धुवायचं भांडं बसवलं आणि शहरातली जुनी खुर्ची आणली. दारावर पाटी लावली: 'उल्ला'. बस्स, एवढंच. मध्य-उन्हाळ्याच्या सणाला तीन दिवस उरले असताना तिने दुकान उघडलं.

पहिलं गिऱ्हाईक मोना. मोना आमच्या गावातल्या एकुलत्या एक दुकानाची मालकीण. तिच्याकडे बटाटे, मासे, खिळे आणि बातम्या सगळं मिळतं, त्यातल्या बातम्या फुकट. मोनाचे केस जन्मतःच सोनेरी, आणि वय वाढलं तरी ते तसेच राहावेत म्हणून ती दर दोन महिन्यांनी शहरात जाऊन आणखी उजळून घ्यायची. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "हे बघ उल्ला, माझे केस चांगले झाले तर सगळं गाव येईल. बिघडले तरी सगळं गाव येईल, पण बघायला."

"अगं, तू डोळे मिट आणि निवांत बस. मी काय आज कात्री धरतेय?"

मी मागच्या बाकावर माझ्या नंबराची वाट बघत बसले होते. उल्लाने केसांना उजळायचं औषध लावलं, वेळ बघितली, ऊन पाण्याने खळाखळा धुतलं. मग टॉवेल काढला. आणि गप्प झाली. उल्ला गप्प झालेली मी पहिल्यांदाच बघत होते.

मोनाचे केस हिरवे झाले होते. गडद नव्हे, बर्चच्या झाडाला वसंतात पहिली पालवी फुटते ना, तसे.

"काय झालं?" मोनाने विचारलं. तिचे डोळे अजून मिटलेलेच.

"काही नाही. जरा परत धुते."

तिने परत धुतले. केस आणखी हिरवे झाले. मोनाने डोळे उघडले, आरशात बघितलं. मग माझ्याकडे वळली. "बेरित, तुला जे दिसतंय तेच मला दिसतंय का?"

"मला... थोडंसं हिरवट दिसतंय."

"थोडंसं? अगं, तुझ्या मेंढ्यांपुढून गेले तर त्या मला चरतील!"

उल्ला मटकन बाकावर बसली. रडली नाही, पण तिचा चेहरा बघवत नव्हता. "औषध नवीनच उघडलं होतं," ती पुटपुटत राहिली. "एवढ्या वर्षांत असं कधी... कधीच नाही..." नव्या गावात पहिल्याच दिवशी नाव गेलं, आता काय राहिलं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तेव्हा माझी नजर त्या धुवायच्या भांड्यावर गेली. नवंकोरं पांढरं भांडं, आणि नळाखाली एक हिरवट ओघळ.

"उल्ला," मी म्हटलं, "हे औषधाचं नाही. पाण्याचं आहे."

आम्ही तिघीही तशाच फोल्केकडे निघालो. मोनाने डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. फोल्के खिडकीशी बसून रेडिओ ऐकत होता. मोनाने त्याच्यासमोर टॉवेल काढला.

फोल्केने बघितलं. मग हळूच म्हणाला, "बुस्सेसारखे."

"कोण बुस्से?"

"आमचा कुत्रा. पांढरा होता. माझी बायको आल्मा त्याला दर शनिवारी आंघोळ घालायची, आणि तो असाच दिसायचा. मला वाटायचं गवतात लोळतो म्हणून."

"आणि तो टब?" उल्लाने विचारलं. "तो हिरवा का रंगवलास?"

"डाग जात नव्हते म्हणून. कितीही घासला तरी हिरवे डाग यायचे. म्हटलं, सगळाच हिरवा केला की प्रश्न मिटला."

"आणि तुझ्या केसांना कधी कळलं नाही?" मोना कडाडली.

फोल्केने डोक्यावरची टोपी काढली. टक्कल लखलखत होतं. "पंचविशीपासून असाच आहे मी, मोना. आल्माची वेणी काळी होती. सांगायला डोक्यावर होतंच कोण?"

पहिल्यांदा हसली ती मोना. एवढी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग उल्ला हसली, मग मी. फोल्के मात्र हसला नाही. तो टोपी हातात फिरवत म्हणाला, "पोरी, मी तुला फसवलं नाही गं. पाणी चांगलंच आहे असं मला खरंच वाटत होतं."

"अरे, चव चांगलीच आहे," उल्ला म्हणाली. "मी रोज पिते."

"आधी ते थांबव!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

पाण्याची पुरती तपासणी त्याच दुपारी करायला टाकली. दुसऱ्या दिवशी कळलं ते असं, की विहिरीत दोष नव्हता. पाणी थोडं आंबट, आणि आंबट पाणी तांब्याचे नळ हळूहळू खातं. पाणी रात्रभर नळांत तुंबून राहिलं की तांबं मनसोक्त पितं. उपायही साधाच निघाला. तळघरात पंपाशेजारी चुनखडीच्या खड्यांनी भरलेली टाकी बसवायची, पाणी त्यातून गेलं की त्याचा आंबटपणा मरतो.

पण टाकी यायला दोन आठवडे, आणि सण परवावर. उल्लाने मोनाला तिच्याच दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलं, कारण तिथे गावाच्या नळाचं पाणी होतं, आणि शेल्फावरचा सगळा टोमॅटो सॉस तिच्या डोक्यावर थापला. लाल रंगाने हिरवा मारायचा, असं तिचं गणित. दुकानात येणारा प्रत्येक जण मागे डोकावून जात होता. "मोना, वरून जरा मीठ-मिरी घालू का?" पोस्टमनने विचारलं. मोनाने त्याला बटाटा फेकून मारला.

बराचसा हिरवा गेला, सगळा काही गेला नाही. सणाच्या दिवशी कुरणात पानाफुलांचा उंच खांब उभारला, हेरिंग मासे आणि नवे बटाटे टेबलावर आले, आणि मोना डोक्यावर बर्चच्या पानांचा मुकुट घालून ऐटीत आली. पानं कुठे संपतात आणि केस कुठे सुरू होतात ते नीट कळत नव्हतं. तिने तोंडाने काही खुलासा केला नाही, फक्त उल्लाचा हात धरून तिला नाचाच्या रिंगणात ओढलं. "ही आपली उल्ला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "कुणाला रंग हवा असेल तर हिच्याकडे जा. हिरवा हवा असेल तर लवकर जा, टाकी यायच्या आत!"

त्या दोन आठवड्यांत उल्लाकडे खरंच माणसं आली. पाणी मोना द्यायची. दुधाच्या जुन्या कॅनमधून मी ते माझ्या गाडीने पोचवायचे. शाळेतल्या दोन थोरल्या पोरी मात्र मुद्दाम विहिरीचंच पाणी मागायला आल्या. उल्लाने त्यांना केकचा तुकडा देऊन घरी पिटाळलं.

टाकी बसवली त्या दिवशी फोल्के काठी टेकत आला आणि तळघराच्या पायरीवर बसून राहिला. काम करणाऱ्याला सूचना देत होता, त्यातली एकही उपयोगाची नव्हती. संध्याकाळी उल्लाने नळ सोडला, पाणी पेल्यात धरलं, प्यायली.

"चव बदलली का?" त्याने काळजीने विचारलं.

"जरा सौम्य झालीय."

"हं," तो म्हणाला. "पूर्वीचं जास्त चांगलं होतं."

पुढे तीन वर्षं, तो गेला तोपर्यंत, दर वसंतात टाकीतले खडे भरायच्या दिवशी फोल्के न चुकता यायचा. उल्ला त्याची दाढी करून द्यायची आणि त्याला कॉफीबरोबर दोन दालचिनी पाव लागायचे.

आता उल्लाची सत्तरी जवळ आलीय. उभं राहून पाय दुखतात, म्हणून ती फक्त गुरुवारी आणि शुक्रवारी दुकान उघडते. गेल्या गुरुवारी मी केस कापायला गेले, तर ती आणि मोना चर्चच्या नव्या पाद्रिणबाईंबद्दल भांडत होत्या. एकीच्या हातात कात्री, दुसरीचे अर्धेच केस कापलेले, आणि दोघींचे आवाज थेट तळ्यापर्यंत. मी बाकावर बसले, कॉफी ओतून घेतली आणि म्हटलं, चालू द्या, मला काही घाई नाही.