पुतळा हलत नाही

मास्तरांनी आजवर चारशे तेरा माणसं दोन बोटांनी आडवी केली होती, आणि सगळीच्या सगळी कागदावर.

एरवी ते शिंपी. विजारी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, सुटलेल्या पोटांना कोटात सन्मानानं बसवायचं. पण जीव अडकलेला साप्ताहिकातल्या मारामारीच्या मालिकेत. अकरा वर्षं ते ती लिहीत होते. नायकाकडे ना तलवार ना बंदूक. कानामागे दोन बोटं टेकवली की गुंड उभ्या जागी दगड!

हे ते हवेत लिहीत नसत, बरं का. दुकानात चाळीस छातीचा कापडी पुतळा होता. त्याच्यावर खडूनं बारा मर्मस्थानं आखलेली. प्रत्येक वार आधी पुतळ्यावर करायचा, टेपनं अंतर मोजायचं, मगच लेखणी उचलायची. पुतळ्यानं कधी तक्रार केली नव्हती.

तक्रार आली ती फिजिओथेरपी करणाऱ्या एका बाईंची. संपादकांनी फोनवर पत्र वाचून दाखवलं, "बावीस वर्षं लोकांच्या माना दाबतेय. एकही दगड झाला नाही." मग घसा खाकरून म्हणाले, "मास्तर, रविवारी सकाळी कचेरीत करून दाखवा. बाईही येतायत. जमलं तर मालिका चालू. नाहीतर त्या जागी शब्दकोडं."

शब्दकोडं! मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मार खायला मेहुणा तयार झाला. कपाटं वाहून नेण्याचा त्याचा धंदा, छाती शेहेचाळीस. "भाऊजी, बेशुद्ध पडलो तर जेवायच्या वेळी उठवा म्हणजे झालं."

"अहो, आधी घरी एकदा करून तर बघा," बायको म्हणाली.

"घरच्या माणसावर असली विद्या चालवत नाहीत," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "काही झालं तर तुझ्या आईला काय सांगू?"

रविवारी कचेरीत टेबलं भिंतीला लागली. मास्तरांनी बाह्या सरसावल्या, श्वास रोखला आणि मेहुण्याच्या कानामागे दोन बोटं हाणली.

"अजून जरा डावीकडे," मेहुणा म्हणाला. "तिथंच खाजतंय."

दुसरा वार गळ्याखाली. तिसरा बरगडीत, पुतळ्यावर बरोबर सव्वासहा इंचांवर असायचा तो. पण मेहुण्याच्या सव्वासहा इंचांवर नुसती चरबी होती, आणि त्या चरबीला भयंकर गुदगुल्या होत होत्या. तो खिंकाळत खोलीभर पळू लागला. मागे मास्तर, दोन बोटं भाल्यासारखी रोखून. "अरे, उभा राहा! पुतळा असा पळत नाही!"

आणि मेहुणा खरंच थांबला. गर्रकन वळून थांबला. मास्तरांची बोटं थेट त्याच्या पट्ट्याच्या लोखंडी बकलवर जाऊन आपटली.

किंकाळी ऐकून खालच्या मजल्यावरचा पानवालासुद्धा वर आला.

बाईंनी मास्तरांना खुर्चीत बसवलं, सुजलेलं बोट शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधलं. "हाड शाबूत आहे," त्या म्हणाल्या. मास्तरांना बोटाचं दुःख नव्हतंच. ते संपादकांच्या टेबलाकडे बघत होते. तिथं शब्दकोड्याचे चौकोन तयार होते.

बाईंनाच कसंसं झालं. "अहो, सगळंच खोटं नाहीये. हे बघा." त्यांनी मेहुण्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक टोला दिला.

"आई गं!" मेहुणा नाचला. "करंगळीपर्यंत झिणझिण्या! मूठच वळेना!"

"इतकंच होतं. दोनेक सेकंद हात बधिर, तेही नेम लागला तर. आणि माणूस काही तुमच्यासाठी थांबत नाही."

मास्तर ताडकन उठले. "दोन सेकंद?"

"फार तर तीन."

"म्हणजे गुंडाच्या हातातून चाकू पडेल! आणि नायकाचं बोट आधीच्या अकरा चुकलेल्या वारांनी सुजलेलं. चाकू उचलता येत नाही. गुंडाची मूठ परत वळायला लागलीय... मग?"

"मग काय?" संपादकांनी नकळत खुर्ची पुढे ओढली.

"मग पळतो! जीव मुठीत धरून पळतो!"

"आणि गुंड? तो मागे लागतो का?"

"ते छापाल तेव्हा कळेल," मास्तर म्हणाले.

संपादकांनी शब्दकोडं खणात टाकलं.

मास्तरांचं बोट बांधलेलं, म्हणून प्रकरण मेहुण्यानं लिहून घेतलं, ते बोलत गेले तसं. हातात कात्री धरता येईना, त्यामुळे आठवडाभर तीन विजारी लांबच राहिल्या. दुकानातला पुतळा मात्र मास्तरांनी त्याच रविवारी खडूच्या खुणा झटकून स्वच्छ केला आणि मेहुण्याला म्हणाले, "सोमवारपासून तू. आणि मध्येच थांबायचं नाही, सांगून ठेवतो!"