नवसाबाईच्या गोठ्यातली पोरं

नवसाबाईला आमच्या पाड्यावर एके काळी ‘पोरखाऊ’ म्हणत. म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आता हयात नाहीत, म्हणून नावं घेत नाही. राग मात्र गेलेला नाही. मी तिच्या गोठ्यात वाढलेली पोर, तेव्हा तिचीच बाजू घेणार. ज्याला दोन्ही बाजू हव्यात त्याने दुसरीकडे चौकशी करावी.

आमचा पाडा इगतपुरीच्या बाजूचा, आणि ही गोष्ट एकोणीसशे चौतीस-पस्तीसची. आषाढात भाताची आवणी निघे, म्हणजे रोपं उपटून चिखलात पुन्हा लावायची. बायांची पाठ दिवसभर सरळ होत नसे. तान्ही पोरं बांधावर पानांनी शाकारलेल्या इरल्याखाली ठेवलेली असत, आणि ती निजून राहावीत म्हणून सकाळी त्यांना बाळगोळी द्यायची. अफूची बारीक गोळी, दुधात उगाळून चाटवायची. सगळ्याच देत. माझ्या थोरल्या भावाला आईने दिली, आईला तिच्या आईने दिलेली. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

नवसाबाईनेही आपल्या लेकीला तशीच गोळी बांधावर चाटवली आणि ती ओळीत जाऊन लागली. दुपारी पाजायला गेली तर पोर गार पडलेली. नवसाबाईने हंबरडा फोडला. मालकाचा मुकादम गोटीराम याने बांधावर येऊन पोर पाहिली, आणि मागे वळून बायांना म्हणाला, “ओळ मोडू नका.” बाया वाकलेल्याच राहिल्या. त्यात माझी आईसुद्धा होती, आणि हे मला आजही सहन होत नाही.

पाड्याने निकाल देऊन टाकला: कामात खंड नको म्हणून हिने गोळी जास्त दिली. नवरा इगतपुरीला रेल्वेच्या कामावर होता, तो घरी फिरकेनासा झाला. नवसाबाई कुणाला उलटून बोलली नाही, कारण लोक म्हणतात ते तिला स्वतःलाच खरं वाटत होतं. सासू भागीबाई आणि ती एका चुलीवरचं खात, पण घरात शब्द म्हणून उमटत नसे.

पुढच्या वर्षी आवणी तोंडावर आली तशी ती उठली. शेताला लागून तिचा गोठा होता. तो तिने झाडून सारवला, आढ्याला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या आणि बायांना बोलावून घेतलं.

“पोरं माझ्यापाशी ठिवा. गोळी देऊ नका. पाजायच्या वख्ताला मी हाक मारीन.”

बायांनी पदर तोंडाला लावले. एकीने तोंडावरच ऐकवलं, “सोताचं खाल्लंस, आता आमची पायजेत व्हय?”

“माझी गेली म्हणूनच सांगते,” नवसाबाई म्हणाली. जागची हलली नाही.

बाया निघायच्या बेतात असताना भागीबाई दारात आली. खाली मान घालून म्हणाली, “पयली गोळी म्या दिल्ती. घरीच, पहाटं. पोर किरकिर करीत व्हती, हिला जरा नीज मिळावी म्हणून. हिला ठावं नव्हतं. हिनं बांधावर दुसरी दिली.”

नवसाबाई पांढरीफटक पडली. आता ही म्हातारीचा गळा धरते असं सगळ्यांना वाटलं. मी असते तर धरला असता.

“मंग तुमी येवढं वरीस गप का बसल्या, आत्याबाई?”

भागीबाईने पदरात तोंड घातलं. ती नुसती रडत राहिली.

“म्या माफ केलं नाय तुमाला,” नवसाबाई म्हणाली. “पण पोरं लय हायेत, एकटीला आवरायची नाईत. बसा हितं.”

सासू झोळीपाशी बसली. तेव्हा माझी आई तानुबाई पुढे झाली आणि तिने मला झोळीत घातलं. मग बाकीच्या आल्या.

गोटीरामच्या हे अंगावर आलं. गोळी नाही म्हणजे पोरं जागी, आणि पोरं जागी म्हणजे नवसाबाईची हाक आली की बाया ओळीतून उठणार. तो गोळ्यांची डबी घेऊनच गोठ्यात आला. “फुकट देतो,” म्हणाला. “चाटव अन् मोकळी हो.”

नवसाबाईने डबी घेतली आणि त्याच्यादेखत भाताच्या खाचरात भिरकावली. “चिखलाला निजवा,” म्हणाली.

“उद्यापास्नं पोरवाल्या बाया कामाला नगं,” गोटीराम ओरडला.

दुसऱ्या दिवशी एकही बाई शेतात उतरली नाही. ज्यांना पोर नव्हतं त्यासुद्धा येऊन गोठ्यात बसल्या. त्यात ती टोमणा मारणारीही होती. उपटलेल्या रोपांच्या जुड्या खाचरात तशाच पडून राहिल्या. त्या पिवळ्या पडल्या तर मालकाला तोंड गोटीरामलाच द्यायचं होतं. पोटाला चिमटा बायांनाही बसत होता, पण कुणी उठेना.

ढगांमुळे ऊन दिसत नव्हतं, तरी दुपार झाली असावी. घोंगडी पांघरून गोटीराम दारात येऊन उभा राहिला. आत सगळी पोरं एकदम भोकाड पसरून रडत होती.

“आधी गप कर यांना,” तो कावून म्हणाला. “माणसाला बोलता येत नाय.”

नवसाबाईने सगळ्यांत मोठ्याने रडणारं पोर उचललं. ती मी होते, असं आई सांगायची. मला तिने त्याच्या तोंडासमोर धरलं.

“गप झालेलं पोर म्या पाह्यलंय, मुकादम. तुमी बी पाह्यलंय, बांधावर.”

गोटीरामची नजर खाली गेली.

“पाजून झालं की येतील बाया,” नवसाबाई म्हणाली, आणि मला आईच्या मांडीवर ठेवलं. आईने सावकाश पाजलं. तोवर तो बाहेर पावसात थांबून राहिला.