तीन टिंबांमागचं कोसमपेठ

भाचीच्या लग्नाला मी अगदी वेळेवर पोहोचलो होतो. फक्त त्या गावात माणसं नव्हती.

माणसं सोडा, घरंही नव्हती. एक चिंचेचं झाड, एक बुजलेली विहीर, शेंदूर लावलेला एक दगड आणि चारी बाजूंनी साग. आणि मोबाइलमधली बाई ठासून सांगत होती, "तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात." पण थांबा, आधी मूलहून, माझ्या गावाहून, तर निघू!

मी निवृत्त वाहतूक नियंत्रक. मूलच्या बसस्थानकावर "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" असं माइकवरून जन्मभर सांगणारा माणूस तो मीच. (प्रवाशांनी कधी लक्ष दिलं नाही, तो भाग वेगळा.) जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाचं नाव घ्या, गाडी कोणत्या फलाटाला लागते ते मी झोपेतून उठून सांगेन. गाव मात्र विचारू नका. मी लोकांना पाठवलं सगळीकडे. स्वतः कुठं गेलो नाही. जायचंच झालं तर शेजारी नलू असायची, माझी बायको. ती दर चौकाला काच खाली करून विचारायची, "ओ भाऊ, हा रस्ता कुठी जाते जी?" आणि रस्त्याबरोबर त्या भाऊच्या बहिणीचं बाळंतपण, सासऱ्याचं ऑपरेशन, सगळं विचारून घ्यायची. मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायचो. रस्ता विचारणं मला भारी कमीपणाचं वाटे. नियंत्रकानं रस्ता विचारायचा म्हणजे हलवायानं दुसऱ्याच्या दुकानातून जिलबी आणायची!

नलू गेली त्याला दुसरं वर्ष लागलंय. तेव्हापासून घरात बोलणारं कोणी नाही. मुलगी प्रज्ञा पुण्याला. ती आली तेव्हा माझी दशा बघून तिनं माझ्या मोबाइलवर नकाशा टाकून दिला.

"बाबा, अख्खा चंद्रपूर आणि गडचिरोली डाउनलोड करून दिलाय. जंगलात नेटवर्क गेलं तरी चालेल. ही बाई बोलते, तसं वळायचं."

"आणि नाही वळलो तर?"

"तर ती पुन्हा सांगेल. आईसारखी चिडणार नाही."

प्रज्ञा गेली, बाई राहिली. आता खरं सांगायचं तर मी तिला घरातच सुरू करायला लागलो. किराणा आणायला निघालो तरी ती चालू. दुकान दिसतं माझ्या खिडकीतून! पण "पुढे डावीकडे वळा" असं कोणीतरी आपल्याला म्हणतंय, हे काय कमी आहे? आवाज स्वच्छ होता, तेवढी दाद एका नियंत्रकानं दुसऱ्याला द्यायलाच हवी. गावांची नावं मात्र ती अशी उच्चारायची, की माझ्या हाताखाली असती तर पहिल्याच दिवशी तिला चौकशीच्या खिडकीवर बसवलं असतं.

अशात धाकट्या बहिणीचा, शालूचा फोन आला. तिचे यजमान, म्हणजे आमचे जावईबापू, शिक्षक, बदली होऊन अहेरीच्या पलीकडे कोसमपेठला गेलेले, तिथंच घर बांधलेलं. मी ते पाहिलेलं नव्हतं.

"दादा, पोरीचं लगन तूच लावून दे. वंदना, पंचशील, सारं तूच म्हन. तुह्यासारखा आवाज कोनाचाच नाई. अन् तुहा तो भोंगा बी आन, इथी लाइटीचा भरोसा नाई."

भोंगा म्हणजे बॅटरीवरचा स्पीकर आणि माइक. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेला. लोकांना शाल-श्रीफळ मिळतं, मला भोंगा मिळाला. फोन ठेवला आणि मी भोंगा काढून पुसायला घेतला. माझा आवाज कोणाला हवाय, असं किती दिवसांनी कोणी म्हणालं होतं! मी शेजारच्या हनीफभाईंकडे पांढरा सदरा शिवायला टाकला. हनीफभाई शिंपी, भिंतीला भिंत लागून घर. नलू होती तेव्हा दोन्ही घरांत वाट्यांची ये-जा होती. ती गेल्यावर आमचं बोलणं मान हलवण्यावर आलं होतं. सदरा देताना ते एवढंच म्हणाले, "संभालके जाजो मधुकरभाऊ. अकेले हो."

अकेला कुठं? बाई होती ना! जेवणाच्या डब्याला टेकवून तिला शेजारच्या सीटवर बसवली. गावाचं नाव टाकलं. यादीत दोन कोसमपेठ आली. एक लांबचं, दुसरं थोडं अलीकडचं. आणि या अलीकडच्या नावापुढं तीन टिंबं. चष्मा होता सदऱ्याच्या खिशात आणि सदरा होता पिशवीत, घडी मोडू नये म्हणून. म्हटलं, टिंबांनी काय होतंय! मोबाइलला जवळचा रस्ता सापडला असेल. लावलं बोट.

गोंडपिपरीपर्यंत आमचं छान जमलं. आष्टीचा पूल ओलांडला. आलापल्लीच्या पुढं नेटवर्क गेलं, तरी बाई डगमगली नाही. वाटेत पानठेल्यावर चार माणसं बसलेली दिसली. नलू असती तर काच खाली गेलीच असती. मी गाडी किंचित हळू केली, आणि मग नियंत्रकाची मान ताठ ठेवून पुढं गेलो. "उजवीकडे वळा," बाई म्हणाली. वळलो. डांबर संपलं. "सरळ पुढे जा." मुरूम संपला. "सरळ पुढे जा." बैलगाडीची चाकोरी लागली. एक कोरडा नाला उतरलो, चढलो, आणि त्या चिंचेखाली बाईनं जाहीर केलं, "तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात."

"मांडव कुठं आहे?" मी विचारलं.

पोहोचवलं की बाईचं काम संपतं. आमच्या खात्याचंही तसंच होतं.

मी सदरा काढला, अंगात घातला आणि चष्मा लावला. नावावर बोट दाबल्यावर तीन टिंबांच्या जागी पूर्ण नाव उमटलं: "कोसमपेठ रिठ". आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगेल, की रिठ म्हणजे उठून गेलेलं गाव. कधी पटकी आली असेल, कधी पाणी आटलं असेल. माणसं निघून गेली, पण सरकारी दप्तरात नाव तसंच राहिलं. बाईकडे दप्तर होतं, माणसं नव्हती. आणि मी विचारलं नव्हतं.

तिथं उभं राहून मला एकदम भरून आलं, हे लपवत नाही. पानं पडल्याचा आवाज येत होता, इतकी शांतता. गाव गेलं, नाव राहिलं. मूलच्या माझ्या घरावरही अजून पाटी आहेच की, "मधुकर व नलिनी". तिकडे पोरगी पांढरी साडी नेसून बसली असेल, शालू दर गाडीच्या आवाजाला दारात येत असेल, आणि लग्न लावणारा मामा इथं शेंदराच्या दगडापुढं हजर!

मी झटकन गाडी फिरवली, खरं कोसमपेठ लावलं आणि घाईघाईनं नाल्यात घातली. चाक वाळूत रुतलं.

"सरळ पुढे जा," बाई म्हणाली.

"अगं, जा म्हणजे काय? उतर आणि ढकल ना!"

"सरळ पुढे जा."

लग्नाची वेळ डोक्यावर आली होती. आणि मला भोंगा आठवला! टपावर ठेवला, बटण दाबलं, घसा खाकरला आणि जन्मभराच्या सवयीनं जंगलाला सांगितलं, "कृपया लक्ष द्यावे! कृपया लक्ष द्यावे! जंगलात असलेल्या सर्व नागरिकांनी ताबडतोब नाल्याकडे यावे!"

आता आमच्या भागात जंगलात भोंगा वाजतो तो एकाच कारणानं. वाघ! हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते आलं समोरच्या टेकाडावरून किंकाळी फुटली तेव्हा. पाठोपाठ झाडाझाडांतून माणसं धावत सुटली. मोहफुलं वेचायला पहाटेपासून आलेल्या बायका, दोन म्हातारे, डोक्यावर टोपल्या, हातात काठ्या. एकजण माझ्याच गाडीच्या बॉनेटवर चढला.

"कुठी आहे? कुठी आहे वाघ?" पुढच्या बाईनं काठी उगारून विचारलं.

"वाघ नाई, बाई. मी आहे."

"तुमी? मंग भोंग्यावर काऊन बोंबलून राह्यले?"

"मी हरवलो."

त्या बाईनं कपाळावर हात मारला. बाकीच्यांनी टोपल्या खाली ठेवल्या आणि जी काही शेलकी बोलणी सुरू केली, त्यातली गोंडीतली मला कळली नाहीत हे माझं नशीब.

"अर्धा मोह सांडला ना जी माहा!" एक म्हातारा ओरडला. "हरवला तं विचाराव लागते मानसानं! वाघ काऊन बनते?"

मी हात जोडले. "चुकलं, भाऊ. कोसमपेठला शालूकडे लगन आहे. मी तिचा भाऊ. लगन मलेच लावाचं आहे."

काठीवाल्या बाईनं काठी टाकली.

"अव्वा! मास्तरनीबाईचे भाऊ? आमाले बी आवतन आहे ना त्या लगनाचं! इथून आमी तिथीच जेवाले जानार. तुमीच इथी बसले, तं जेवन कोन वाढन? चाल गा, लाव हात!"

जेवणाचं नाव निघाल्यावर गाडी वाळूतून अशी उचलली गेली, की इंजिन सुरू करायचीही गरज नव्हती. मग मावतील तेवढे आत बसले. टोपल्या मांडीवर, डिकीत, माझ्या खांद्यावर. काठीवाली बाई पुढं नलूच्या जागी बसली आणि मोबाइल तिच्या ओटीत आला.

"यू टर्न घ्या," बाई म्हणाली.

"डावीकडून घ्या जी," मागून म्हातारा म्हणाला.

"उजवीकडून लवकर होते!" दुसरा म्हातारा.

"यू टर्न घ्या."

"कोन आहे ही?" काठीवाल्या बाईनं फोन कानाला लावला. "घरची का? किती बोलून राह्यली! उत्तर तं द्या तिले."

"घरची नाही," मी म्हणालो. "घरची नाही आता."

मग तिनं फोन पदराखाली उलटा ठेवला आणि म्हणाली, "मंग मी सांगतो. त्या पळसापासून वळवा." आणि पळसापासून मांडवापर्यंत तिनं रस्त्याबरोबर सुनेच्या बाळंतपणाची दुसरी खेप, जावयाची नोकरी आणि मेलेल्या बैलाची पूर्ण हकिकत सांगितली. मी एकदाही बोटं वाजवली नाहीत.

पोहोचलो तेव्हा नवरदेवाकडचे निघायच्या बेतात होते आणि कुणीतरी फोनवर बघत होतं, की यूट्यूबवरून वंदना लावता येते का. शालूनं मला बघून रडत रडत दोन शिव्या दिल्या. भाची नुसती हसली. मी तडक पुढं गेलो, माइक घेतला, त्रिशरण झालं, पंचशील सुरू केलं. आवाज काय लागला होता! चौथ्या शीलापर्यंत मांडवात टाचणी पडली तर ऐकू यावी. पाचव्याला, दारूपासून दूर राहीन म्हणण्याच्या शीलाला, पुढची रांग नाकाला पदर लावून खोकायला लागली. मी खाली पाहिलं. भर उन्हात, बंद गाडीत, माझ्या खांद्यावर आणि सदऱ्यावर मोहाची फुलं चिरडली होती, आणि माझ्या अंगाला मोहाच्या दारूच्या गुत्त्याचा वास येत होता. मी शील म्हणत होतो आणि नवरदेवाचा बाप आपल्या भावाच्या कानात बोलत होता. मग "वास मोहाचा आहे, मामाचा नाही" हे जावईबापूंना माइकवरून जाहीर करावं लागलं. त्यानं तर जे हसत नव्हते तेही हसले.

पण लग्न लागलं. माझ्याच आवाजात लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याच सदऱ्यात परत निघालो तेव्हा शेजारची सीट रिकामी होती. बाईला मी सुरू केलीच नाही. आलापल्लीत पानठेल्यावर विचारलं, आष्टीच्या पुलावर विचारलं, गोंडपिपरीत तर पाटी समोर असून विचारलं. दर ठिकाणी कोणी ना कोणी चार शब्द बोललं. दिवेलागणीला मूलमध्ये माझ्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि पाय ब्रेकवर गेला. आता विचारायला रस्ताच उरला नव्हता. समोर माझं कुलूपबंद दार. हनीफभाई दुकानाची फळी लावत होते. मी काच खाली केली आणि तोंडातून निघून गेलं, "ओ भाऊ, मधुकररावचं घर कुठी आहे जी?"

हनीफभाई जवळ आले. खिडकीत वाकले. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सदऱ्याचा वास घेतला.

"या अल्ला! मधुकरभाऊ, तुम भी?" त्यांनी दार उघडून मला बाहेर काढलं, दंड धरला आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत मला माझ्या दारापर्यंत चालवत नेलं. कुलूप त्यांनीच उघडलं. वर बायकोला हाक मारून माझ्यासाठी लिंबू-पाणी मागवलं आणि मी ते पिऊन होईपर्यंत समोर बसून माझी समजूत घालत राहिले.

आता गल्लीत माझी काय अब्रू उरली ते मला माहीत आहे. मी पीत नाही हे त्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मग ते उठून गेले असते.